कोणत्या डोळ्यात पाहू?

माझ्याशी बोलताना लोक माझ्या कानाशी बोलतात. काही जण कपाळाशी. ज्यांना फारच सभ्यपणा सांभाळायचा असतो ते माझ्या खांद्यामागच्या भिंतीशी बोलतात, आणि मग मलाही वाटतं, एकदा वळून पाहावं, तिथं कोण येऊन उभं राहिलंय. त्यांची तरी काय चूक? माझ्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं आहे, उजवा तेवढा चांगला, आणि तोंडावर देवीचे वण इतके दाट की बोट ठेवायला सपाट जागा नाही. अशा बाईशी बोलताना नेमकं कुठं पाहायचं, हे कोणी कोणाला शिकवत नाही. लोकांचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण पचवलं. आईचं मात्र पचलं नाही. नऊ वर्षांची असताना मी देवीच्या आजारातून उठले आणि तेव्हापासून आईनं माझ्या तोंडाकडे पाहणं सोडलं. तिनं एकदा, एकदाच, माझ्या डोळ्यात पाहावं एवढंच मला आयुष्यभर हवं होतं. ही त्याचीच हकीकत आहे. ती काही चांगली संपत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागून कोणी माझ्या नावानं बोटं मोडायला नको.

आमचं गाव सानगडी. थोडी धानाची शेती, एक बैलजोडी, बाबा, आई आणि मी. माझ्यानंतरची दोन मुलं जगली नाहीत, त्यामुळे मी एकटीच आणि नको तेवढी लाडाची. आई पायरीवर बसून माझी वेणी घालायची तेव्हा आरसा माझ्या हातात असायचा. पत्र्याच्या चौकटीचा, तळहाताएवढा. "पाय बरं, कोन दिसते?" ती विचारायची आणि मी म्हणायची, "राणी." लाडावलेल्या पोरी काहीही बोलतात. आता लिहितानासुद्धा लाज वाटते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. देवी टोचणारे गावोगाव हिंडत होते. ते आमच्या आळीत आले तेव्हा आईनं मला धानाच्या ढोलीमागं लपवलं. ढोली म्हणजे बांबूच्या कमच्यांची, शेणानं सारवलेली, पुरुषभर उंचीची कणगी. तिच्यामागं एक पोर सहज मावतं. ज्या घरानं मातामायची, म्हणजे देवीची, पूजा मानली आहे त्या घरानं टोचून घेतलं तर मातामाय कोपते, असं बायकांत बोललं जात होतं. आईनं त्या वर्षी पूजा मानली होती, कारण तिला आणखी एक मूल हवं होतं. पोरगी मामाच्या गावाला गेली, असं तिनं टोचणाऱ्यांना ठोकून दिलं. मी ढोलीमागं तोंडावर हात दाबून हसत बसले होते. मला तो खेळच वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात मला माता निघाली. आमच्याकडे त्याला आजार म्हणायची सोय नव्हती. मातामाय घरी पाहुणी आली, असंच म्हणायचं आणि तसंच वागायचं. घरात फोडणी बंद, केर काढणं बंद, दाराला कडुनिंबाचा डहाळा. मला केळीच्या पानांवर निजवलं होतं, कारण पाठीला कापड सहन होत नव्हतं. डोळे चिकटून गेलेले, त्यामुळे त्या दिवसांतली आई मला दिसत नाही, नुसती ऐकू येते. तिच्या बांगड्या, निंबाच्या पाल्याचा वारा, आणि गावाबाहेरच्या मातामायला पाणी घालायला निघताना तिनं उचललेला पाण्याचा पितळी गुंड.

मी जगले. बायका येऊन आईला म्हणाल्या, तू नशिबाची, मातामाय पोरीच्या अंगावर खेळून गेली अन् पोर ठेवून गेली. वण म्हणजे तिची खूण. त्या खुणेला वाईट म्हणायचं नाही, तिच्यावरून रडायचं नाही, नाहीतर ती परत येते. म्हणून कोणी रडलं नाही. घरात मांजर मेलं तरी दोन दिवस जीव हळहळतो. माझ्या तोंडाचं सुतक मात्र कोणी पाळलं नाही. मला इतका राग येतो ना अजून! एवढी मोठी गोष्ट झाली आणि सगळे आपले पुरणपोळीच्या तयारीला लागले, मातामायला बोळवायची म्हणून.

मी उठून बसले तेव्हा आरसा जागेवर नव्हता. मी विचारलं. आई चुलीकडे तोंड करून म्हणाली की तिनं मातामायपाशी कबूल केलं आहे, पोरगी वाचली तर तिचं लग्न होईपर्यंत ती आरशात तोंड पाहणार नाही. आरसा तिकडेच वाहून टाकला. आमच्याकडे देवीच्या ओटीत फणी-आरसा घालतातच, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वर तिनं एवढंही सांगितलं की नवस मोडला तर दुसरा डोळाही जाईल. झालं. नऊ वर्षांच्या पोरीला आणखी काय सांगावं लागतं?

बाबा दाढीला न्हाव्याकडे जाऊ लागले. आई अंदाजानं कुंकू लावायची, ते बहुतेक दिवस एका भुवईकडे सरकलेलं असायचं. मी तिला सांगायची, माय, कुंकू वाकडं झालं, आणि ती माझ्याकडे न पाहता पदरानं पुसून पुन्हा लावायची. पुन्हा वाकडंच. घरात आरसा नाही एवढ्यानं तोंड थोडंच दडतं म्हणा. तांब्यात दिसतं, तलावाच्या पाण्यात दिसतं, एसटीच्या काचेत दिसतं. मी डोळे मिटून घ्यायची. भीतीच तशी होती. बोटांनी मात्र चाचपायची. डाव्या भुवईचे केस मधूनमधून गेलेले, नाकाच्या शेंड्याला खड्डा, हनुवटी सगळी खडबडीत. बोटांनी जे कळतं त्यावरून मी मनाशी एक तोंड तयार केलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते बरंच बरं तोंड होतं.

आई माझं सगळं करायची. जेवायला वाढायची, न्हाऊ घालायची, ताप आला तर कुशीत घ्यायची. मायेत कुठं कमी नव्हती. फक्त माझ्याशी बोलताना तिचे डोळे हातातल्या कामावर असायचे. काम नसलं की ती काम शोधायची. मी कितीदा तिच्या पुढ्यात जाऊन बसले असेन, खाली वाकून तिच्या नजरेखाली तोंड घातलं असेल. ती उठून जायची. मी मनाशी ठरवून टाकलं की ढोलीमागं लपवल्याचं तिला लागलंय. तो अपराध तिचा, म्हणून नजर खाली. ते कळल्यावर मला तिची दयाच आली. मी तिला मनातून माफ करून टाकलं, आणि तिला ते कधी सांगता येईल याची वाट पाहत राहिले.

मॅट्रिक झाले. एक स्थळ आलं. मुलाचे काका पोहे खाताना सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते, जसं काही मुहूर्त आजच काढायचा आहे. त्यानंतर कोणी आलं नाही. म्हणजे असा पेच होता पहा: लग्न होईपर्यंत आरसा नाही, आणि तोंड आरशात पाहण्याजोगं नाही म्हणून लग्न नाही. बाबांनी मग कधी नव्हे तो ठाम निर्णय घेतला आणि मला शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला भंडाऱ्याला पाठवलं. निघताना आईनं शिदोरी दिली, पाठीवरून हात फिरवला आणि एसटीच्या चाकाकडे पाहत राहिली.

भंडाऱ्याला मुलींच्या वसतिगृहात माझी खोलीवाली लाखांदूरकडची होती. गोल तोंडाची, बडबडी, दिवसातून दहा वेळा केस विंचरणारी. तिनं भिंतीवर आरसा टांगला आणि मी त्यावर माझा टॉवेल टाकला. नवसाचं सांगितल्यावर तिनं एका शब्दानं विचारलं नाही. आमच्याकडच्या माणसाला नवस समजावून सांगावा लागत नाही. विंचरायचं असलं की ती म्हणायची, मी आरसा उघडून रायली वं, आणि मी तोंड फिरवायची.

खरी पंचाईत झाली ती सराव पाठांत. जवळच्या शाळेत जाऊन वर्गावर शिकवायचं, मागं आमच्या बाई बसून गुण देणार. मी तयारी जीव ओतून करायची. पण वर्गात उभी राहिले की चाळीस तोंडं माझ्याकडे वळायची आणि माझी मान आपोआप फळ्याकडे जायची. मी फळ्याला शिकवायची. पाठोपाठ पाठ नापास झाले. शारीरिक शिक्षणाच्या बाई होत्या, चाळिशीच्या, नऊवारी सोडून पाचवारी नेसू लागलेल्या तरी कमरेला पदर खोचायच्या त्या खोचायच्याच. त्यांनी मला वर्गाबाहेर थांबवून म्हटलं, "फळ्यालाच शिकवायचं असेल तर उद्यापासून हजेरी पण त्याचीच घे."

मी रडले नाही, पण बहुतेक माझी हनुवटी हलली असावी, कारण त्यांचा आवाज एकदम उतरला. त्यांनी मला त्यांच्या खोलीवर बोलावलं. बाई त्राटक करायच्या. म्हणजे एका जागी बसून, पापणी न लववता एका गोष्टीकडे पाहत राहायचं. समईची ज्योत, मग आरशातले आपलेच डोळे, मग समोर बसलेल्या माणसाचे डोळे. त्या म्हणाल्या, तू पोरांना घाबरत नाहीस, पोरांच्या डोळ्यात तुला तू दिसशील याला घाबरतेस. ज्योतीपर्यंत ठीक होतं. आरसा काढल्यावर मी नवसाचं सांगितलं. नवस कोणी बोलला होता, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आईनं. मग आईनं पाहू नये आरशात, त्या म्हणाल्या, आणि आरसा समोर ठेवून स्वतः चहा करायला आत गेल्या.

माझी पाचावर धारण बसली. दुसरा डोळा जाईल ही भीती लहानपणी घातलेली असली तरी मोठेपणी काही लहान होत नाही. पण मनात मी एक हिशोब केला होता, आणि तो नोकरीचा नव्हता. मला वाटलं, माझं तोंड मला पाहता आलं तर आईलाही येईल. आधी कोणीतरी पाहिलं पाहिजे, आणि ते मीच पाहिलं पाहिजे. एवढ्यासाठी मी मान वर केली.

वाटलं होतं तितकं वाईट नव्हतं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. वाटलं होतं त्याहून वाईट होतं. बोटांना रंग कळत नाही. वणांचे काळपट, तांबूस रंग मी बोटांनी कधी पाहिलेच नव्हते. आणि तो डावा डोळा! त्यातलं पांढरं फूल मला ठाऊक होतं, पण तो डोळा माझ्याकडे पाहत नव्हता, तो कुठंच पाहत नव्हता. मी उठून मोरीत ओकले. बाईंनी पाठ चोळली आणि म्हणाल्या, उद्या पुन्हा ये.

दुसऱ्या दिवशी डोळा शाबूत होता. बाईंनी सांगितलं, आरशातल्या डोळ्यात पाहून आपलं नाव घे आणि म्हण, मी तुला पाहते आहे, तू माझी आहेस. मला हसूच फुटलं. हे असलं बोलायला मी काय नाटकातली होते? तोंडातून नाव निघालंच नाही. निघाली ती शिवी. आमच्या सानगडीकडची, बांधावरून बायका एकमेकींना देतात तशी. मी जीभ चावली. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, शिव्या दे, पण डोळ्यात पाहून दे.

मग रोज सकाळी मी आरशातल्या त्या बाईला शिव्या दिल्या. मेले, जळके, तुझं तोंड पाहून दूध नासेल, तुझ्यापायी माझी आई आंधळी झाली. जे जे लोकांनी मनात म्हटलं असेल आणि तोंडावर म्हटलं नसेल ते सगळं मी तिला सुनावलं. ती ऐकून घ्यायची. तिला रडू यायचं तेव्हा चांगल्या डोळ्यातून येई आणि फूल पडलेल्यातूनही येई, हे मला नवीन होतं. आणि एके दिवशी शिव्या संपल्या. बसले होते तोंड उघडून, पण आठवेनाच काही. तेव्हा पहिल्यांदा मी नुसतं पाहिलं. आवडली वगैरे म्हणणार नाही मी. शेजारच्या घरात नवीन बिऱ्हाड यावं आणि महिनाभरानं त्या बाईला आपण ओळख द्यावी, तेवढं झालं. तू माझी आहेस, हे वाक्य मी तेव्हा पुटपुटले. ऐकू आलं असेल तर तिलाच.

त्यानंतर बाईंनी मला आणि खोलीवालीला समोरासमोर बसवलं. गुडघ्याला गुडघा. एकमेकींच्या डोळ्यात पाहायचं, बोलायचं नाही. ती नेहमीसारखी खिदळेल असं मला वाटलं होतं. ती खिदळली नाही. थोडा वेळ तिची नजर माझ्या तोंडावर इकडून तिकडे फिरली, घर शोधत आलेल्या पाहुण्यासारखी, आणि मग तिनं नियम मोडून सरळ विचारलं, "कोनत्या डोळ्यात पाहू वं तुह्या?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. इतका साधा प्रश्न, आणि एवढ्या वर्षांत कोणाला सुचला नाही. मी म्हटलं, उजव्या. आणि ती उजव्या डोळ्यात पाहत बसली. मी तिच्यासमोर ढसाढसा रडले आणि तीही रडली, का ते तिला सांगता आलं नाही. पुढच्या पाठाला मी वर्गाकडे तोंड करून उभी राहिले. एका पोरीनं विचारलं, बाई, तुमच्या डोळ्यात काय गेलं? मी म्हटलं, त्याला फूल पडणं म्हणतात, तुम्ही माझ्या उजव्या डोळ्याकडे पाहा. पोरांनी माना डोलावल्या आणि उजव्या डोळ्याकडे पाहू लागली. पाठ पास झाले. जगाची रीत इतकी सोपी आहे, असं मला त्या दिवसांत वाटायला लागलं होतं. तेच भोवलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी निघाले ती हेच ठरवून. भांड्यांच्या बाजारात एक आरसा विकत घेतला. घरी पोचल्यावर आईला सांगितलं, मी आरशात पाहिलं, डोळा गेला नाही. मला वाटलं होतं ती कपाळावर हात मारून घेईल, मातामायला नारळ बोलेल. ती फक्त म्हणाली, बरं. नवस मोडल्याचं तिला काहीच वाटलं नाही, हे मला चमत्कारिक वाटलं, पण मी माझ्याच उत्साहात होते.

भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. गावात त्या दिवशी दंडारीच्या नाचाचा ढोल, मिठाईची दुकानं, आणि घरात माणूस उरत नाही. बाबाही गेले. आई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून, बाईंनी शिकवलं तशी.

"माय, माह्याकडे पाय."

"पाहून तं रायली."

"सुपात पाहून रायली तू."

मी सूप बाजूला सरकवलं. मग इतकी वर्षं जपून ठेवलेलं माझं मोठं मन मी बाहेर काढलं. म्हटलं, तू मला ढोलीमागं लपवलंस ते मला माहीत आहे, त्याचा मला राग नाही, तुला काय ठाऊक होतं पुढचं. तू माझं बरंच चिंतलं होतंस. आता झालं गेलं, माझ्या या डोळ्यात बघ, मी शिकवते तुला. मी खरंच असं म्हणाले, शिकवते तुला. प्रशिक्षण घेऊन आले होते ना!

आईनं खाली पाहतच मान हलवली. "ढोलीचं नाही वं ते."

मग ती बोलली. सावकाश, तांदळाचा एक दाणा बोटात फिरवत. "तुह्या अंगावर जागा राहिली नव्हती. तोंड पाहिलं तुहं. अन् मी मातामायपाशी गेली. लोकं समजत, पोरगी वाचू दे म्हणून पानी घालते. मी म्हटलं, ने तिले. असं तोंड घेऊन पोरीच्या जातीनं कायले जगावं. अशी पोरगी मले नोको, ने म्हटलं. रोज जाऊन हेच म्हटलं."

मंडईतल्या ढोलाचा आवाज येत होता आणि मी अगदी मूर्खासारखं विचारलं, "अन् नवस? आरशाचा?"

"नवस कशाचा. आरसा मीच तलावात फेकला." हातातला दाणा सुपात टाकून ती म्हणाली, "तिनं नेलं नाही तुले. तू डोळा उघडून पाहिलं माह्याकडे, अन् मले वाटलं, हिले समदं ऐकू आलं. तवापासून मले तुह्याकडे पाहवत नाही."

आणि एवढं बोलून तिनं मान वर केली. तिनं माझ्याकडे पाहिलं. कानाकडे नाही, कपाळाकडे नाही. कोणी न सांगता बरोबर उजव्या डोळ्यात पाहिलं. आईच ती. तिचे डोळे कसे होते हे मी पार विसरून गेले होते. घारे होते, खाली सुरकुत्या आल्या होत्या, आणि त्यात पाणी नव्हतं. ती वाट पाहत होती. आता तू जे देशील ते दे, अशी बसली होती ती.

मी मान खाली घातली.

किती सराव केला होता मी! आरशातल्या बाईला शिव्या देऊन संपवल्या होत्या, चाळीस पोरांसमोर उभी राहिले होते. पण ज्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहून माझं मरण मागितलं त्या डोळ्यात पाहायचं कसं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. ढोलीची माफी सोपी होती, ती चूक होती. हे मागणं चुकून झालेलं नव्हतं. सगळ्यात वाईट हे, की मला ते पटलं. बाईंच्या मोरीत ओकताना मीसुद्धा तेच मागितलं होतं. मी सूप ओढलं आणि तांदूळ निवडायला लागले. आई बराच वेळ तशीच बसून होती. मग उठून तिनं चहा ठेवला, आणि बाबा मंडईतून आले तेव्हा आम्ही दोघी चिवड्याबद्दल बोलत होतो.

भंडाऱ्याला परत गेल्यावर बाईंनी आरसा पुढं केला. मी बसले. तू माझी आहेस, म्हणायचं होतं. पण ते तर आईनंही म्हटलं असणार, माझी आहे म्हणूनच ने म्हटलं असणार. मी बाईंना सांगितलं, मला आता त्याची गरज वाटत नाही. त्यांना वाटलं शिष्या तयार झाली. त्या खूश झाल्या.

नोकरी लागली, लाखांदूर तालुक्यात, धानाच्या बांध्यांमधल्या एका शाळेत. वर्गात मी कधी पोरांना पाठ दाखवली नाही. केस विंचरायला आरसा लागतो, त्या दिवाळीला घेतलेला तोच वापरते, भांग पाहते आणि ठेवून देते. सुट्टीला घरी जायची तेव्हा उलटंच झालं होतं. आई आता पाहायची. वाढताना पाहायची, मी बोलत असले की हातातलं काम ठेवून पाहत राहायची, जसं काही मधल्या सगळ्या वर्षांचं पाहणं तिला आता फेडायचं होतं. आणि मी चुलीकडे बघून बोलायची, नाहीतर दाराकडे. तिनं एकदाही म्हटलं नाही, इकडे पाय. तिला मागायची सवय सुटली असावी. मला दर वेळी वाटायचं, पुढच्या सुट्टीत. सुट्ट्या काही कमी नव्हत्या शिक्षकी पेशात, सगळ्या तशाच गेल्या.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, ती शेतात बांधावर बसली आणि गेली. निरोप मिळून मी पोचले तोवर तिला अंगणात ठेवलं होतं, माझ्यासाठीच थांबले होते सगळे. एका म्हाताऱ्या बाईनं तिच्या तोंडावरचा पदर बाजूला केला आणि मला म्हणाली, पोरी, मायचं तोंड पाहून घे.

मी जवळ बसले आणि पोटभर पाहिलं. कोणी मला उठवायची घाई केली नाही. तिचे डोळे मिटलेले होते, म्हणूनच मला पाहता आलं.